तीन रात्री समुद्रावर

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. खारं पाणी पाहायचं तर लोणारला जायचं. शाळेची सहल तिथं नेली की मुलांना आम्ही गमतीनं सांगतो, "घ्या, हाच आपला समुद्र!"

गेल्या वर्षी अमेरिकेतल्या मामेबहिणीनं फोटो पाठवले. ती आणि तिचे शौहर मियामीहून मोठ्या जहाजात बसून कॅरेबियन बेटं फिरून आले होते. मुलांच्या अम्मीनं ते फोटो एकेक करून पाहिले, मोबाइल परत दिला आणि शिलाई मशीनवर जाऊन बसली. "छान आहेत," एवढंच म्हणाली. लग्नाला बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत आम्ही दोघंच असे कुठं गेलो, हे आठवून पाहिलं. अकोल्याच्या दवाखान्यात गेलो होतो. दुसरं काही आठवेना.

कॅरेबियन आपल्या आवाक्यातलं नाही. पण चौकशी केली तेव्हा कळलं, की मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणारं तसलंच एक जहाज आहे, कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस'. गंमत म्हणजे हे जहाज मूळचं तिकडचंच. १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधलेलं, तेव्हाचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. मियामीहून बहामाच्या छोट्या फेऱ्या करण्यासाठी ते बांधलं होतं. तीस वर्षांनी विकलं गेलं आणि २०२१ पासून आपल्या किनाऱ्यावर फिरू लागलं. म्हणजे कॅरेबियनला आम्ही गेलो नाही, पण तिकडचं जहाज इकडे आलं!

पैशांचं म्हणाल तर निम्मे तिच्या भिशीचे होते आणि निम्मे आमच्या पगारातले. कर्ज काढलं नाही. मुलीची फी आधी बाजूला ठेवली, जकात दिलेली होती. तरी मोहल्ल्यात कुजबुज झालीच. एका नातेवाइकानं तोंडावर विचारलं, "आधी उमरा करायचा सोडून हे काय?" सवाल चुकीचा नव्हता. आम्ही दोन दिवस बेचैन होतो. अम्मीला सांगायचीही हिंमत होईना.

शेवटी अम्मीनंच बोलावून घेतलं. १९८४ मध्ये ती आणि अब्बा 'अकबर' जहाजानं हजला गेले होते. तेव्हा मुंबईहून जिद्दाला हाजी जहाजानं जात. १९९५ पासून ते बंद झालं. आम्ही तेव्हा सहा वर्षांचे, चिखलीला आजोळी राहिलो होतो. मुंबईच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यातला मुक्काम, गर्दी, उलट्या, सगळं अम्मीनं आम्हाला अनेकदा सांगितलेलं. त्या दिवशी मात्र तिनं न सांगितलेलं सांगितलं. "बेटा, लग्नाला बारा वर्षं झाली होती. पण तुझ्या अब्बांशी माझी ओळख त्या जहाजावर झाली. ना चूल, ना शेत, ना सासू. नमाज झाली की ते माझ्याजवळ येऊन बसायचे आणि बोलायचे. घरी परत आलो, मग पुन्हा शेत आणि चूल. उमरा अल्लाह नसीब करेल. आता जा तुम्ही."

बुलढाण्याहून एसटीनं मलकापूर आणि रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस पकडून सकाळी मुंबई. बॅलार्ड पियर स्टेशनापासून जवळच आहे. देशातल्या देशात फिरायचं असल्यानं पासपोर्ट लागला नाही, आधार कार्डावर काम झालं. जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: एजंट सांगतो तो आकडा शेवटचा समजू नका. आम्ही समजलो आणि फसलो. बंदराचा आकार, कर्मचाऱ्यांची बक्षिशी, कर, हे सगळं नंतर जोडलं गेलं आणि रक्कम जवळजवळ एक तृतीयांशानं वाढली. सगळं धरून किती, हे आधी लिहून मागा. दर माणशी आकडा एका खोलीत दोघं धरून असतो, हेही पाहा. आम्ही सगळ्यात स्वस्त, बिनखिडकीची खोली घेतली होती. दिवा मालवला की दिवस आहे का रात्र, कळत नाही. फजरला घड्याळाच्या गजरावरच उठायचं.

जहाज म्हणजे अकरा मजली मोहल्लाच. चढल्यावर पहिलं काम कवायतीचं: संकट आलं तर लाइफ जॅकेट कसं घालायचं, कुठं जमायचं. ती सगळ्यांना सक्तीची. जेवण तिकिटातच असतं. मटण-चिकनच्या वाटेला आम्ही गेलो नाही. मासळी, भाजी, डाळ-भात यावर पोट भरलं. मासळीला जबिहाचा सवाल नाही. दारूचे बार आहेत, कसिनो आहे. त्या दारांवरून आम्ही पुढे गेलो. कुणी आत बोलावलं नाही, कुणी हसलंही नाही. नमाज खोलीतच. मुसाफिर असल्यानं जोहर, असर आणि इशाच्या दोन-दोन रकात. लोखंडी खोलीत मोबाइलचा किबला भरवशाचा नव्हता, म्हणून आम्ही सोपा हिशेब केला. जहाज गोव्याकडे, म्हणजे दक्षिणेला निघालं की किबला उजव्या हाताला, थोडा उत्तरेकडे कललेला. परतताना डाव्या हाताला. तिनंच तो आधी शोधला. भूगोल शिकवतो आम्ही!

पहिल्या संध्याकाळी मुंबईचे दिवे मागे गेले आणि मोबाइलची रेंजही गेली. डेकवर दोन खुर्च्या ओढून बसलो. आणि काय सांगावं, बोलायला काही सुचेना. घरी बोलणं म्हणजे सिलिंडर, फी, अम्मीच्या गोळ्या. ते विषय घरी राहिले होते. अर्धा तास आम्ही पाणी पाहत राहिलो. पाण्याचा रंग काळा झाला, तरी पाहत राहिलो. त्या रात्री भांडण झालं नाही, पण झोपही लागली नाही.

दुसरा दिवस गोव्यात गेला. जुन्या गोव्यातली मोठी चर्च पाहिली, चालून पाय दुखले, पोरांसाठी काजू घेतले.

तिसरा दिवस नुसत्या समुद्राचा. दुपारी ती अचानक म्हणाली, "तुम्ही सदरात नेहमी 'आम्ही' लिहिता. आम्ही ठरवलं, आम्हाला वाटलं. त्या 'आम्ही'त मी असते का?"

आम्ही हसण्यावारी नेणार होतो. पण तिचा चेहरा पाहिला आणि गप्प बसलो.

मग तिनं काढलं ते वीस वर्षांपूर्वीचं. तिचं डी.एड. झालेलं. संग्रामपूर तालुक्यातल्या एका शाळेत नेमणूक मिळत होती. मुलगा चार महिन्यांचा, अम्मीची तब्येत बरी नव्हती. नोकरी सोडायचं "आम्ही ठरवलं". ही गोष्ट आम्ही चारचौघांत कितीतरी वेळा अशीच सांगितली आहे. "ठरवलं तुम्ही," ती म्हणाली. "मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कदाचित मीही नाहीच म्हटलं असतं. पण विचारलं नाही."

तिचा आवाज चढला नव्हता. आम्ही माफी मागितली. वीस वर्षं उशिरा मागितलेल्या माफीला किती किंमत, ते अल्लाह जाणे. ती नोकरी आता परत येणार नाही. वयोमर्यादा आडवी येते. "आता काय करावंसं वाटतं?" हा सवाल मात्र आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा विचारला. उत्तर तयार होतं, जणू खूप दिवस कुणी विचारायची वाट पाहत असावं. तिला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. करायचं होतं. अर्ज भरला आहे. संध्याकाळचा स्वयंपाक आठवड्यातून तीन दिवस आम्ही आणि मुलगा करतो. पोळ्यांचे नकाशे होतात, पण खाल्ले जातात.

बहिणी-भावांनो, जहाजानंच जा असं आमचं सांगणं नाही. खर्च मोठा आहे आणि ज्याच्या घरची फी, दवा, देणं बाकी आहे त्यानं तो करूही नये. लोणारच्या काठावर एक संध्याकाळ दोघांनीच बसलं तरी चालेल. मोबाइल घरी ठेवा, मुलांना खालाकडे ठेवा. पहिला अर्धा तास जड जाईल. उठू नका.

हे सदर पाठवण्याआधी तिला वाचून दाखवलं. दोन ओळी तिनं काढायला लावल्या. आम्ही काढल्या.