अनपेक्षिताची गोडी

उद्या काय घडणार हे मनुष्याला आधीच कळले असते, तर त्याचे आयुष्य कदाचित निर्धास्त झाले असते. पण ते रंजक खचितच झाले नसते. अपेक्षा एक असावी आणि घडावे दुसरेच, अशा कथांची ओढ बालकापासून पंडितापर्यंत सर्वांना असते. ही ओढ केवळ चकित होण्याची असते काय?

पंचतंत्रातील मुंगसाची कथा पाहावी. मुंगसाचे तोंड रक्ताने माखलेले पाहून, त्याने बाळाला मारले अशा समजुतीने माता त्याचा जीव घेते. आत जाऊन पाहते, तो बाळ सुखरूप आणि जवळच सापाचे तुकडे! धक्का बसतो तो कथेतील मातेला. परंतु विचारात पडतो वाचक. आपणही डोळ्यांना दिसले तेवढ्यावरून निवाडा करून मोकळे होतो, हे त्याच्या ध्यानात येते. म्हणूनच ही कथा शेकडो वर्षे टिकून राहिली आहे.

इतिहासातील अनपेक्षित तर कल्पनेहूनही विलक्षण असते. आज कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणला संग्रामदुर्ग नावाचा एक भुईकोट किल्ला आहे. डोंगराचा आधार नाही, सैन्यही मूठभर. 1660 साली शायिस्ताखानाने अफाट सेनेनिशी त्याला वेढा घातला. किल्ला चार दिवसांत पडेल, असेच कोणालाही वाटले असते. परंतु किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी तो सुमारे दोन महिने लढविला. अखेर मोगलांनी सुरुंगाने बुरूज उडविला, तेव्हाच किल्ला पडला. खानाने फिरंगोजींना आपल्या चाकरीत येण्याविषयी सांगितले. त्यांनी ते नाकारले. पराभूत होऊन परतलेल्या या वीराचा शिवाजी महाराजांनी गौरवच केला, असे इतिहास सांगतो. विजयाची कथा सर्वांना ठाऊक असते. पराजयातही मान मिळविता येतो, हे चाकणची कथा शिकविते.

विज्ञानाच्या क्षेत्रातही असेच घडते. 1928 साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग या शास्त्रज्ञाच्या काचेच्या बशीत नको असलेली बुरशी वाढली. दुसऱ्या एखाद्याने ती बशी धुऊन टाकली असती. फ्लेमिंगने मात्र बुरशीभोवतालचे जिवाणू नष्ट झाल्याचे निरखले. पुढे इतर शास्त्रज्ञांच्या परिश्रमांनी त्यातूनच पेनिसिलिन हे औषध सिद्ध झाले. स्वतंत्र भारताने ते तयार करण्यासाठी 1954 साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापिला. या कारखान्यातील संशोधकांनी पुढे एका जिवाणूपासून हॅमायसिन हे नवे औषध शोधिले. ते औषध बुरशीमुळे होणाऱ्या रोगांवर चालते! लंडनमध्ये बुरशीने जिवाणूंना मारले होते. पिंपरीस जिवाणूने बुरशीला मारले. त्या जिवाणूच्या शास्त्रीय नावातही ‘पिंप्रिना’ हा शब्द येऊन बसला, आणि पिंपरीचे नाव जगाच्या विज्ञानग्रंथांत गेले.

यावर कोणी म्हणेल, की हा सर्व दैवाचा खेळ. तसे म्हणणे योग्य नव्हे. मुरलीकांत पेटकर हे भारतीय सैन्यातील मुष्टियोद्धे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय निकामी झाले. त्यांची खेळाडू म्हणून कथा येथेच संपली, असे जगाला वाटले असेल. त्यांनी पोहण्याचा अभ्यास आरंभिला आणि 1972 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिक स्पर्धांतील भारताचे ते पहिलेच सुवर्णपदक होय. गोळी लागणे दैवाधीन होते. पाण्यातील रोजचे परिश्रम दैवाधीन नव्हते. अनपेक्षित संकट कोणावरही येते. त्याचे अनपेक्षित यशात रूपांतर करण्यास मात्र मनुष्याची तयारी लागते.

तथापि एक सावधगिरी हवी. चकित करणारी प्रत्येक गोष्ट खरी असतेच असे नाही. अफवाही अनपेक्षितच असते, आणि म्हणूनच ती वाऱ्यासारखी पसरते. ऐकलेली गोष्ट जितकी नवलाची, तितकी ती पारखून घ्यावी. चांगल्या लेखकाच्या कथेचा शेत अनपेक्षित असला, तरी मागची पाने उलटून पाहता त्याची बीजे तेथे सापडतात. खऱ्या घटनेचेही तसेच असते. तिला कारणे असतात. अफवेला मात्र मुळेच नसतात.

अनपेक्षित कथांचे खरे मोल यात आहे. त्या मनोरंजन करतात, आणि त्याबरोबरच कोणाविषयीही अखेरचा निवाडा घाईने देऊ नये, हे शिकवितात. वर्गातील मागच्या बाकावर मुकाट्याने बसलेल्या मुलाची कथाही अजून पुरती लिहून झालेली नसते.