लाल तेलाची शिल्लक

अहिल्यानगरच्या कापड बाजारातील एका व्यापारी कुटुंबाने काही वर्षांपूर्वी ऑटोमॅटिक गिअरची जुनी मोटार घेतली. वडिलांचा डावा गुडघा क्लच दाबण्यास कुरकुर करू लागला होता आणि सूनबाईंनाही गाडी हाती घ्यावयाची होती. पहिले वर्ष सुखात गेले. मग एका पहाटे सामायिक आटोपून बाहेर आलेल्या वडिलांना पोर्चच्या फरशीवर तांबूस तेलाचे चार थेंब दिसले. मुलाने गाडी जवळच्या गॅरेजात नेली. तेथे ‘थोडे ऑइल टाकून’ ती परत मिळाली. महिन्याभराने पाथर्डीहून गुरुदर्शन करून परतताना करंजी घाटाच्या चढावर इंजिन ओरडू लागले, काटा वर चढला, गाडी मात्र जागची हलेना. मागे मालमोटारींची रांग, गाडीत दोन लहान मुले आणि आजी. दुरुस्तीचा आकडा पुढे गिअरबॉक्स उघडल्यावर कळला. तो जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करणारा होता.

गॅरेजवाल्याची चूक होतीच. परंतु प्रश्न विचारण्याची चूक घरचीही होती. ‘तेल कमी झाले, भरा’ असे सांगण्याऐवजी ‘तेल गेले कोठे?’ असे विचारावयास हवे होते. इंजिनातील ऑइल थोडेफार जळते, म्हणून ते अधूनमधून भरणे स्वाभाविक ठरते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील तेल जळत नाही. पेढीच्या भाषेत ते खर्ची पडणारा माल नव्हे, भांडवल आहे. शिल्लक कमी भरली तर कोठेतरी गळती आहे: एखादे सील, एखादी नळी, तळाच्या पत्र्याचे पॅकिंग. रोकड कमी भरते म्हणून खिशातले पैसे गल्ल्यात टाकून कोणी हिशेब मिटवीत नाही.

या तेलाकडे कामेही अनेक आहेत. इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे नेणे, दाबाने आतील क्लचच्या चकत्या घट्ट धरणे, शिवाय वंगण आणि थंडावा देणे. पातळी उतरली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, फेस होतो, दाब पडतो, चकत्या घसरून जळतात. घाटात नेमके हेच घडले. मात्र पातळी प्रमाणाबाहेर वाढली तरी फिरते भाग तेल घुसळून फेसच करतात. नगरकरांना हे यंत्र तसे परके नाही. येथील रणगाडा संग्रहालयात ठेवलेल्या, पाकिस्तानकडून हस्तगत केलेल्या पॅटन रणगाड्याच्या पोटातही टॉर्क कन्व्हर्टरच आहे.

डिपस्टिक असलेल्या गाडीत पातळी पाहणे घरच्या घरी जमते. गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून तेल गरम होऊ द्यावे, कारण गरम तेल फुगते आणि थंड तेलाचे माप फसवे असते. सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा प्रत्येक स्थानावर क्षणभर थांबवत फिरवावा आणि पुन्हा ‘पी’वर आणावा. बहुतेक गाड्यांत इंजिन चालूच ठेवतात. बंद केल्यास वरचे तेल खाली उतरून पातळी खोटी वाढते. होंडाच्या अनेक गाड्यांत मात्र रीत उलट आहे: इंजिन बंद करून साठ ते नव्वद सेकंदांच्या आत पाहावयाचे. म्हणून आधी गाडीची माहितीपुस्तिका. डिपस्टिक काढून धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी (असे कापड कोणते, हे कापड बाजाराला सांगणे नको), पूर्ण खोचून पुन्हा काढावी. ‘हॉट’च्या दोन खुणांमध्ये तेल असावे. पंखा फिरत असतो. पदर, ओढणी, सैल बाही दूर ठेवावी.

पातळीइतकेच महत्त्व रंगाला व वासाला. बहुतेक गाड्यांचे हे तेल इंजिन ऑइलपासून वेगळे ओळखू यावे म्हणून मुद्दाम लाल केलेले असते. तपकिरी-काळे झाले, जळका वास आला, तर पातळी बरोबर असूनही गाडी दाखवावी. दुधी गुलाबी दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. तशी गाडी चालवूच नये.

परंतु ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली हल्ली वेगवेगळी यंत्रे विकली जातात. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आलेली एएमटी म्हणजे मुळात साधाच गिअरबॉक्स. क्लच यंत्र दाबते इतकेच. गुरुमहाराजांच्या विहारात पायी चालणाऱ्यांच्या मागे अशी गाडी मैलोगणिक सरपटवली तर तेल नव्हे, क्लच जळतो. सीव्हीटीचे तेल निराळे असते, त्यात दुसरे घातल्यास आतील पट्ट्याला धोका. अनेक नव्या गाड्यांना तर डिपस्टिकच नाही. गाडी उचलून, तेलाचे तापमान मोजून, खालच्या बोल्टातून पातळी ठरवावी लागते. तेथे हौस नको.

या तेलाचा एक जुना इतिहास जैन वाचकांना अस्वस्थ करील. अमेरिकेत दीर्घकाळ त्यात स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल मिसळत; चकत्यांची पकड मऊ आणि अचूक राहावी म्हणून. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या प्रारंभी तेथे त्या प्राण्यास कायद्याचे संरक्षण मिळाले आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधावा लागला. प्रारंभी नव्या मिश्रणांनी गिअरबॉक्स बिघडल्याच्या तक्रारी झाल्या. पुढे संशोधनाने त्या मिटल्या. उद्योग बुडाला नाही. हिंसेवाचून धंदा चालत नाही असे म्हणणाऱ्यांच्या यादीतील एक नोंद तेव्हा खोडली गेली.

हिंसेची वाट मात्र अजून एका जागी उघडी आहे. काढलेले काळे तेल गटारात गेले की पुढे सीना नदीत जाते. मातीवर सांडले तर तेथील सूक्ष्म जीवांचे काय होते, हे जयणा पाळणाऱ्या घरात समजावून सांगावे लागू नये. ते डब्यात भरून, अधिकृत पुनर्प्रक्रियेकडे पाठविणाऱ्या वर्कशॉपलाच द्यावे आणि तसे तोंडाने विचारून घ्यावे.

कापड बाजारातील त्या कुटुंबाने गिअरबॉक्स दुरुस्त केला, सील बदलले, तेल माहितीपुस्तिकेत लिहिलेल्या जातीचेच भरले. वडील आता दर रविवारी रात्री गाडीखाली ठाणांच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा पसरतात आणि सोमवारी सकाळी तो उजेडात धरून पाहतात. गेल्या पर्युषणापासून तो कोरडा आहे.