लोणारहून अजिंठ्याला जाताना जाफराबाद लागतं

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ, मुंबई



महामंडळाचं एक निवासस्थान लोणारला आहे आणि दुसरं अजिंठ्याच्या घाटाखाली फर्दापूरला. दोन्हीकडे उतरणारे पुष्कळसे लोक स्वतःची गाडी घेऊन आलेले असतात. लोणार पाहून झालं की ते समृद्धी महामार्गावर चढतात, छत्रपती संभाजीनगर गाठतात आणि तिथून सिल्लोडमार्गे अजिंठ्याला जातात. वेळ वाचतो, हे खरं. पण लोणारहून अजिंठ्याला जाणारी दुसरीही एक वाट आहे. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, जाफराबाद, असई, भोकरदन, अन्वा, अजिंठा गाव आणि मग घाट उतरून फर्दापूर. अंतर दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. या वाटेवरच्या जाफराबाद तालुक्यात मी राहतो. महामंडळानं ही वाट एक वाट म्हणून जाहीर करावी, तिला नाव द्यावं आणि दोन दिवसांची सहल म्हणून ती लोकांपुढे ठेवावी, एवढ्यासाठी हे पत्र.

नवा रस्ता मागत नाही. जर्मनीतलं एक उदाहरण या बाबतीत मला फार मोलाचं वाटतं. महायुद्धानंतर, 1950 साली, व्यूर्त्सबुर्ग ते फ्युसेन या पट्ट्यातली जुनी तटबंदीची गावं एकत्र आली आणि आपल्यामधून आधीच जाणाऱ्या रस्त्यांना त्यांनी मिळून एकच नाव दिलं, ‘रोमँटिक रोड’. साडेचारशे किलोमीटरच्या आसपासची ही वाट, शेवटाला डोंगरावरचा नॉयश्वानस्टाइनचा किल्ला. नवं काही बांधलं नाही. फलक लावले, नकाशे छापले आणि एरवी एकेकटी राहिली असती अशी गावं एका प्रवासात गुंफली. आज जगभरातले लोक गाडी घेऊन तिथं जातात, आपल्या पुण्या-मुंबईचेही जातात. त्या लोकांना घराजवळ तशीच वाट आहे, हे कुणीतरी सांगायला हवं आणि ते काम आपलं आहे.

लोणारबद्दल आपल्याला मी काय सांगणार! काळ्या बसाल्टात उल्केच्या आघातानं झालेलं पावणेदोन किलोमीटरहून अधिक व्यासाचं ते विवर, दैत्यसूदनाचं मंदिर, 2020 साली मिळालेला रामसरचा दर्जा, हे सगळं आपल्या पत्रकांत आहे. सिंदखेड राजाही आहे. 12 जानेवारीला जिजाऊंच्या जयंतीला तिथं पाय ठेवायला जागा नसते. पण लखुजी जाधवांचा वाडा, त्यांची भव्य समाधी, पुतळा बारव, मोती तलाव हे सगळं निवांत पाहायचं तर एखादा साधा मंगळवार गाठावा. जवळच्या साखरखेर्ड्याला मात्र फारसं कुणी वळत नाही. 11 ऑक्टोबर 1724 रोजी तिथल्या लढाईत निजाम-उल-मुल्कानं मोगल सुभेदार मुबारिजखानाला मारलं आणि दख्खनमध्ये तो जवळजवळ स्वतंत्र झाला. हैदराबादच्या ज्या राज्यात आमच्या आज्या-पणज्या वावरल्या आणि जे 17 सप्टेंबर 1948 ला संपलं, त्याची सुरुवात या एका गावाच्या शिवारात झाली. मराठवाड्यातल्या प्रत्येक मुलानं ते शिवार एकदा तरी पाहावं.

देऊळगाव राजाला बालाजीचं दर्शन घ्यावं, जवळच मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचं जन्मगाव, तिथं हात जोडावेत आणि बीजोत्पादनाची पांढरी शेडनेट मागे टाकत टेंभुर्णीवरून जाफराबादला यावं. सप्टेंबर ते डिसेंबरात या रस्त्यानं जाणं हेच मोठं सुख आहे. काळी जमीन, फुटलेला कापूस, मका आणि उत्तरेला हळूहळू उंचावत जाणारा अजिंठ्याचा डोंगर.

जाफराबाद खेळणा आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावर वसलेलं आहे. जाफरखानाच्या जहागिरीचं हे गाव. भोवती दगडी तट आणि आत गढी, अशी त्याची जुनी रचना. मुख्य मशिदीवरचा फारसी शिलालेख औरंगजेबाच्या काळातला आहे आणि तिच्या आसपासच जुनी मंदिरंही आहेत. आमचं गाव देवगिरीसारखं थक्क करणारं नाही, हे मान्य. पण मोगलाईतलं एक परगण्याचं गाव कसं वसवलेलं असे, नदी कुठे, वेस कुठे, बाजार कुठे, हे समजून घ्यायला ते फार चांगलं आहे. तटाचा एक दगड निखळला की त्याच्या मागचे दहा निखळतात. म्हणून सुशोभीकरणाच्या आधी इथं पुरातत्त्व खात्याकडून मोजणी आणि डागडुजी व्हावी. रंग आणि सिमेंट नको.

आता खेळणेच्या काठाकाठानं असईकडे. सगळ्या वाटेत माझा जीव इथं अडकलेला आहे.

23 सप्टेंबर 1803. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजांचा तळ याच भोकरदन-जाफराबादच्या टापूत, खेळणेकाठी पडलेला होता. दोनच दिवस आधी बदनापूरला इंग्रजांचे सेनानी आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांनी दोन वाटांनी येऊन एकत्र हल्ला करायचं ठरवलं होतं. वेलस्ली ठरल्याच्या आदल्या दिवशीच शिंद्यांच्या फौजेसमोर येऊन ठेपला आणि स्टीव्हन्सनची वाट न पाहता भिडला. मधे नदी. वाटाडे म्हणाले, इथं उतार नाही. त्यानं पाहिलं की नदीच्या अलीकडे एक गाव आहे आणि बरोबर समोर पलीकडे दुसरं, पिंपळगाव आणि वरूड. समोरासमोरच्या दोन गावांची माणसं नदी ओलांडून ये-जा करणारच, म्हणजे उतार असणारच, हे त्यानं ताडलं आणि फौज तिथून पार केली. पुढे खेळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात लढाई झाली. पोलमन या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखालची शिंद्यांची कवायती पलटण, सुमारे 10,800 शिपाई, ऐनवेळी तोंड फिरवून शिस्तीत नव्या रांगेत उभी राहिली. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तर कमाल केली. शत्रू तोफांवरून पुढे गेला तेव्हा ते मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि मग उठून त्याच तोफा त्याच्या पाठीवर डागल्या. इंग्रजांकडचे 428 जण मेले. जखमी आणि बेपत्ता धरून आकडा 1,584 झाला. आपल्याकडचे हजारो गेले आणि शंभराच्या आसपास तोफा हातच्या गेल्या. त्याच डिसेंबरात देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह झाले.

हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. वॉटर्लूच्या शेतात 226 पायऱ्यांची मातीची टेकडी आहे, वर सिंहाचा पुतळा आहे आणि लढाई समजावून सांगणारं प्रेक्षक केंद्रही आहे. आपल्या लढायांत सर्वांत सरस कोणती, या प्रश्नाला उत्तर देताना मात्र त्यानं वॉटर्लूचं नाव घेतलं नाही, असईचं घेतलं. असईला टेकडी नको आणि पुतळाही नको. जिथून फौज उतरली त्या उताराजवळ एक, तोफांची रांग होती तिथं एक आणि गावात एक, असे तीन दगडी फलक पुरेत. त्यावर नकाशा असावा, मजकूर मराठीत असावा आणि तो पराभव झाकणारा नसावा. शिंद्यांचे गोलंदाज किती निकरानं लढले आणि एवढं लढूनही आपण का हरलो, हे तिथं उभ्या असलेल्या बापाला आपल्या लेकराला सांगता आलं पाहिजे. वेलस्लीच्या बाजूनं लढून मेलेले मद्रासी शिपाईही याच मातीत आहेत. त्यांचाही उल्लेख असावा.

असईहून भोकरदन जवळ. हे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांत इथली माणसं होती, तिथल्या लेखांत गावाचं नाव कोरलेलं आहे. 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली इथं उत्खनन केलं, तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भाग सापडला. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पाँपेईत तशाच घडणीची मूर्ती मिळालेली आहे. ती भोकरदनकडेच घडली असावी, असं मानणारे अभ्यासक आहेत. खेळणेकाठच्या कारागिराच्या हातची वस्तू रोमन घरात! नदीच्या काठी कोरीव लेणंही आहे, तेही पाहावं.

पुढे अन्व्याचं शिल्पांनी भरलेलं मध्ययुगीन मंदिर, मग अजिंठा गाव. असईचे जखमी याच गावच्या कोटात आणून ठेवले होते. ज्याच्या हाताशी आणखी एक दिवस असेल त्यानं हळद्याच्या घाटानं वेताळवाडीचा किल्ला आणि जंजाळ्याजवळची घटोत्कच लेणी जोडून घ्यावीत.

मी मागतो आहे ते फार खर्चाचं नाही. प्रत्येक वळणावर मराठीत आणि इंग्रजीत दिशाफलक. लोणार आणि फर्दापूरच्या आपल्या निवासस्थानांत या वाटेचा छापील नकाशा, तोही स्वागतकक्षातल्या टेबलावर, मागितल्यावर मिळणारा नव्हे. सिंदखेड राजा, जाफराबाद आणि भोकरदनला बायकांना निर्धास्त वापरता येतील अशी स्वच्छतागृहं. ती नसतील तर कुटुंबं थांबत नाहीत आणि बाकी सगळं वाया जातं. तालुक्यातल्या इतिहास शिकलेल्या मुला-मुलींना वाटाड्याचं प्रशिक्षण आणि ओळखपत्र. आपली निवास व न्याहारी योजना आणि 2020 चं कृषी पर्यटन धोरण कोकणाइतकंच आमच्याही शेतकऱ्यांपर्यंत यावं. मिरची, मोसंबी आणि कापसाचा हा मुलूख आहे. ज्वारीची भाकरी, ठेचा, पिठलं आणि अंगणातली बाज एवढ्यावर इथली घरं पाहुण्याला सुखानं ठेवतील आणि एका खोलीच्या भाड्यानंही दुष्काळी वर्षात त्या घराला आधार होईल.

अडचण ठाऊक आहे. ही वाट बुलढाणा, जालना आणि छत्रपती संभाजीनगर अशा तीन जिल्ह्यांतून जाते, म्हणजे विदर्भ आणि मराठवाडा अशा दोन विभागांतून. प्रत्येक जिल्ह्याचा पर्यटन आराखडा आपल्या हद्दीपाशी संपतो. त्या हद्दी ओलांडून एकत्र विचार करू शकेल अशी संस्था महामंडळच आहे. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना न लिहिता हे पत्र आपल्याला लिहिलं.

आपल्या एका अधिकाऱ्यानं पावसाळा सरताना लोणारहून सकाळी निघावं आणि या वाटेनं फर्दापूरला यावं. जाफराबादपासून पुढे त्यांच्यासोबत चालायला, नदीचे उतार दाखवायला आम्ही गावकरी तयार आहोत. आणि सुरुवात एकाच गोष्टीनं करता येईल: असईचा पहिला फलक येत्या 23 सप्टेंबरच्या आत उभा राहावा.

आपला नम्र,
जाफराबाद तालुक्यातील एक रहिवासी