वारा, वृक्ष आणि आपली वहिवाट

आषाढात घाटमाथा ओलांडून आलेला नैर्ऋत्येचा वारा पानशेतच्या जलाशयावरून सुसाट धावू लागला, की काठावरच्या जांभळीची पाने देठाशी वळून, एकमेकांना बिलगून आपला विस्तार आवरून घेतात. आणि म्हणूनच ताठ फळीवर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारा दाब वृक्षावर त्या मानाने मंदगतीने वाढतो. सतत डोलणारे खोड बुंध्याशी जाड होते, मुळे मातीत अधिक घट्ट रुजतात. वारा हा वृक्षाचा तालीममास्तरच म्हणावयाचा. असे असता रोपाला काठीशी करकचून जखडून वर्षानुवर्षे तसेच ठेवण्याची आपली वहिवाट अनाकलनीय होय.

वृक्षही वाऱ्याला वळण लावतात. सलग भिंतीच्या पाठीशी भोवरे उठतात, उलट फटी असलेली वृक्षरांग थोडा वारा गाळून पुढे सोडते आणि आपल्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत शेताला आडोसा देते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळून पुणे जिल्ह्यात शिरले, असंख्य झाडे उन्मळली आणि दोष झाडांच्या नावे पडला. परंतु रस्त्यासाठी तोडलेल्या मुळांचा आणि बुंध्यापर्यंत ओतलेल्या काँक्रीटचा जबाब कोणी घ्यावयाचा?

पानशेतच्या रस्त्याकडेला लागवडीची तजवीज करणाऱ्या अंमलदारांना एवढीच विनंती, की झाडे देशी निवडावीत, खालच्या फांद्या राखाव्यात, मुळांना मोकळी माती द्यावी आणि काठीचा दोर सैल बांधून वेळीच सोडावा.