आधी चालू दे, मग शाळा?

आमच्या चिकपेटेत मे महिना म्हणजे लग्नाच्या साड्यांचे गठ्ठे, हातगाड्यांची गर्दी आणि गणवेशासाठी शिंप्याकडे रांग. यंदा त्या रांगेत शेजारच्या वहिनीही होत्या. कुटुंब मूळचं सांगलीकडचं, सोनं-चांदी गाळायचा म्हणजे गलाईचा धंदा. मुलगा सहा वर्षांचा. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे आणि या जूनमध्ये तो पहिल्यांदा शाळेत जाणार आहे.

यावरून त्यांच्या घरात वर्षभर वाद चालला होता. आजींचं म्हणणं एकच, "चालाय लागू दे की आधी, मग बघू साळंचं." आजींना हसू नका. हेच वाक्य मी चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांकडूनही ऐकलंय.

पण सेरेब्रल पाल्सीत होतं काय, तर जन्माआधी, जन्मताना किंवा नंतर लवकरच वाढत्या मेंदूला इजा होते आणि स्नायूंवरचा ताबा बिघडतो. कुणाचा एक हात आणि एक पाय कडक राहतो, कुणाचं सगळं अंग. ही इजा वाढत जात नाही, पण औषधाने पुसलीही जात नाही. थेरपीने फरक पडतो, तरी काही मुलं आधाराशिवाय कधीच चालत नाहीत. मग शाळेने कशाची वाट बघायची?

दुसरा गैरसमज बोलण्याचा. शब्द स्पष्ट येत नाहीत म्हणून डोकं चालत नाही असं आपण ठरवून टाकतो. काही मुलांना शिकायला खरंच जड जातं, पण सगळ्यांना नाही. मुंबईच्या मालिनी चिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांची आई डॉ. मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. मालिनी पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात शिकल्या, लंडनमध्ये दोन मास्टर्स पदव्या घेतल्या आणि एका करंगळीने टाइप करत आत्मचरित्र लिहिलं. बेंगळुरूतही १९८२ पासून स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ कर्नाटक इंदिरानगरात काम करते. चिकपेटेहून मेट्रोने मॅजेस्टिकला गाडी बदलली की थेट इंदिरानगर. गंमत म्हणजे मेट्रोला लिफ्ट आहे, आमच्या गल्लीत मात्र व्हीलचेअर दहा पावलं सरळ जात नाही.

वहिनींना एका शाळेने "आमच्याकडे सोय नाही" म्हणून परत पाठवलं होतं. म्हणून एवढं लक्षात ठेवा: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायला हवा. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यूडीआयडी कार्ड काढून ठेवा. कागद हातात असला की ऑफिसमधला आवाज बदलतो.

आता तयारी. एबीसीडी पाठ झाली का, हे सगळ्यात शेवटी विचारा. आधी बसणं. खुर्चीत पाय अधांतरी लोंबकळत असतील तर मुलाची सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते, हात मोकळा होत नाही. वहिनींनी पायाखाली देवघरातला जुना पाट ठेवला, टेबल कोपराच्या उंचीचं घेतलं आणि रोज दहा मिनिटांपासून सुरुवात केली. आता तो अर्धा तास बसतो. शाळेलाही तसाच पाट द्यायचा ठरलंय. शिंप्याकडून हाफपँटला बटणांऐवजी इलॅस्टिक आणि शर्टाला आतून वेल्क्रो लावून घेतलंय. बाहेरून बटणं तशीच दिसतात, इतर पोरांसारखी.

डबा हा मोठा विषय. या मुलांना चावायला, गिळायला वेळ लागतो आणि मधली सुट्टी पटकन संपते. कोरडा चिवडा, फरसाण घशात अडकू शकतं. मऊ इडलीचे छोटे तुकडे बरे. मान मागे टाकून किंवा आडवं करून कधीच भरवायचं नाही. गिळताना वारंवार ठसका लागत असेल तर शाळेआधी स्पीच थेरपिस्टला दाखवा. घरी घड्याळ लावून डब्यातूनच खायची सवय करा, म्हणजे किती वेळ जास्त लागेल ते शाळेला आधी सांगता येतं.

एक गोष्ट मला माहीतच नव्हती. शाळेची घंटा! अचानक मोठा आवाज झाला की यातली बरीच मुलं दचकतात, सगळं अंग ताठ होतं, कधी खुर्चीतून घसरतात. वहिनी मोबाइलवर घंटेचं रेकॉर्डिंग रोज वाजवतात. आधी हळू, मग मोठ्याने. बाईंना त्याची जागा घंटेपासून लांब द्यायला सांगितलंय.

आणि मग भाषा. घरी मराठी, वर्गात इंग्रजी, शाळेतल्या आयम्मा फक्त कन्नड बोलणार. सीपी आहे म्हणून घरातली मराठी बंद करायची काही गरज नाही, पण आयम्मांना त्याची खूण कळायला तर हवी. तो पाण्याला "पा" म्हणतो. हो म्हणायला वर बघतो, नाही म्हणायला डोळे मिटतो. शू आली की उजवी मूठ छातीवर. हे सगळं एका कागदावर मराठी, इंग्रजी आणि कन्नडमध्ये लिहिलं. कन्नड मी लिहून दिलं, शुद्धलेखन खालच्या दुकानदाराने तपासलं. फिटची औषधं चालू असतील, तर तेही याच कागदावर लिहा. तळाशी ठळक एक ओळ आहे: "प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा, तो उत्तर देतो." बोलणं अगदीच कमी असलेल्या मुलांसाठी आयआयटी मुंबईचं जेलो नावाचं चित्रांचं ॲप आहे, त्यात मराठीही आहे.

सुरुवातीचे काही आठवडे तो अर्धा दिवसच जाणार आहे, कारण नुसतं ताठ बसण्यानेही तो दमतो. इतर मुलं "याचे पाय असे का?" विचारतील, त्यांना गप्प करायचं नाही असं बाईंशी ठरलंय. उत्तरही तयार आहे: "त्याचे पाय त्याचं लवकर ऐकत नाहीत. तुमचं मात्र तो सगळं ऐकतो."

परवा मी गेले तेव्हा आजी त्याला भरवत होत्या. त्याने डोळे मिटले. आजींनी वाटी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "साकु? बरं, साकु." मग माझ्याकडे वळून विचारलं, "दुखतंय म्हणायचं आसंल तर नोवुच की न्हाई गं?"