बुधवारात काय मिळत नाही?

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये 'काल बुधवार पेठेत गेले होते' असं नुसतं म्हणून बघा. दोघं-तिघं हमखास फिस्सकन हसतात, एखादा डोळाही मारतो. गंमत म्हणजे त्यातल्या निम्म्यांच्या घरातली एलईडीची माळ, लॅपटॉपची केबल आणि बारावीची गाइडं याच पेठेतून आलेली असतात!

मला विचाराल तर ही नुसती पेठ नाहीच, हे एक छोटं गाव आहे. स्वतःचा इतिहास, स्वतःचे देव, स्वतःचं अर्थकारण असलेलं.

आधी थोडा इतिहास. (घाबरू नका, परीक्षा नाहीये.) 1703 मध्ये औरंगजेबाचा मुक्काम पुण्यात होता, तेव्हाची ही वस्ती. नाव मुहियाबाद. पुढे पेशवाईत वारांच्या रांगेत बसून ती बुधवार झाली. दुसऱ्या बाजीरावानं इथं वाडा बांधला, 1818 मध्ये पेशवाई गेली आणि वाड्यात इंग्रजी अंमलाच्या कचेऱ्या आल्या. 1879 च्या आगीत तो वाडा जळाला. नाना फडणिसांचा बेलबाग मात्र अजून आहे. विसर्जन मिरवणुकीत आपण ज्याच्या चौकात तासन्‌तास ताटकळतो, तोच.

आणि भिडे वाडा. जोतिराव फुल्यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा सुरू केली, ती इथं, आताच्या दगडूशेठ गणपतीच्या समोर. आमच्या टीममध्ये आज मुलांइतक्याच मुली आहेत, त्याची सुरुवात या पेठेत शोधावी लागते. वाड्याच्या जागेचा वाद थेट सुप्रीम कोर्टात गेला, 2023 मध्ये निकाल लागला आणि त्याच वर्षी डिसेंबरात स्मारकासाठी तो मोडकळीला आलेला वाडा पाडला गेला.

आता अर्थकारण. इथं गल्ली बदलली की धंदा बदलतो. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं. तपकीर गल्लीत नावात तपकीर, दुकानात वायरी, स्विच, बल्ब आणि चार्जर. पासोड्या विठोबाच्या जवळ एकेकाळी पासोड्या विकल्या जायच्या. बाजार गेला, विठोबानं नाव तेवढं सांभाळलं.

एकाच मालाची इतकी दुकानं एकमेकांना खेटून जगतात कशी? माझे एमबीए मित्र याला 'क्लस्टर' म्हणतात. तपकीर गल्लीत ते असं दिसतं: काकांकडे तुम्हाला हवा तो कनेक्टर नसतो. ते 'नाही' म्हणत नाहीत. पोऱ्याला शेजारी पिटाळतात, दोन मिनिटांत वस्तू हजर. साठा अख्ख्या गल्लीचा, गिऱ्हाईक काकांचं. उद्या शेजाऱ्याचा पोऱ्या यांच्याकडे येणार. हिशेब आपापसात. शिवाय 'ही पिन नाही बसायची ताई, जुना चार्जर दाखवा' हे वाक्य फुकट. ऑनलाइनवर वस्तू स्वस्त पडेलही, पण चुकीची आली की परत पाठवण्याचे दोन दिवस आपल्या खात्यात.

आणि आता तो भाग, ज्याच्यासाठी कॅन्टीनमध्ये हसू येतं. दगडूशेठपासून चालत काही मिनिटांवर. तिथल्या बायकाही याच गावच्या. त्या खोल्यांचं भाडं भरतात, चहा, साड्या, औषधं विकत घेतात. त्यांचा पैसा पेठेत सगळ्यांना चालतो, त्यांचा पत्ता कुणाला चालत नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये त्यांची कमाई एका रात्रीत थांबली. ओळखीच्या कागदांसाठी अडून न राहता देहविक्रय करणाऱ्या बायकांना रेशन द्या, हे त्या सप्टेंबरात राज्यांना सुप्रीम कोर्टानं सांगावं लागलं. मे 2022 मध्ये कोर्टानं त्यांच्या आधार कार्डाचीही वाट मोकळी करायला सांगितली. वर्षानुवर्षं भाडं भरणाऱ्या माणसाला आपण इथले आहोत हे सिद्ध करायला कोर्टाची मदत लागते, हे मला तरी हसण्यासारखं वाटत नाही.

मेट्रोच्या आराखड्यात 'बुधवार पेठ' नावाचं स्टेशन होतं. सप्टेंबर 2024 मध्ये ते सुरू झालं ते 'कसबा पेठ' म्हणून. हद्दीचा हिशेब असेल, माझी तक्रार नाही. पण ते ऐकून आमच्यातला एक जण सुटकेचा निःश्वास टाकत 'बरं झालं' म्हणाला, तो निःश्वास खटकला. जिथं मुलींची शाळा निघाली आणि जिथून आपली पुस्तकं येतात, त्या जागेचं नाव घ्यायला लाज कसली?

तर येत्या शनिवारी मॉलला सुट्टी द्या. मेट्रोनं कसब्यात उतरा, चालत बुधवारात शिरा. दगडूशेठला नमस्कार, भिडे वाड्याच्या जागेपाशी दोन मिनिटं, मग तपकीर गल्ली. जुना चार्जर बरोबर असू द्या. आणि बाइक घरीच ठेवा, पार्किंग मात्र बुधवारात खरंच मिळत नाही!