आठ तासांचे बर्गेन

बर्गेनच्या धक्क्याला सकाळी जहाज लागते आणि संध्याकाळी सुटते. मधल्या सात-आठ तासांत नॉर्वेतले दुसऱ्या क्रमांकाचे शहर उरकायचे: ब्रिग्गेनची लाकडी घरे, मासळीबाजार, फ्लोयेन डोंगरावर चढणारी १९१८ सालची छोटी रेल्वे. पाऊस वेगळा पाहायला जावे लागत नाही. एकाच दिवशी दोन-तीन जहाजे लागली की हजारो माणसे त्याच चिंचोळ्या पट्ट्यात उतरतात आणि तिथून रोज जा-ये करणाऱ्यांच्या कपाळावर आठ्या चढतात. शहराने अखेर दिवसाला आठ हजार क्रूझ-प्रवाशांची मर्यादा घातली.

ती अतिरेकी आहे, असे म्हणणाऱ्यांना उडवून लावता येत नाही. गाईड, बसचालक, लोकरी स्वेटर विकणारे यांचा हंगाम मुख्यतः उन्हाळ्याचाच. शिवाय ज्याला बॅगा ओढत गावोगाव फिरणे झेपत नाही, त्याला नॉर्वे पाहायचा हा सर्वांत सोपा मार्ग. तिथल्या हॉटेलांचे दर ऐकून तर भलेभले बेत बदलतात. अशांना वरवरचे पर्यटक म्हणत नाके मुरडणे हा निव्वळ तोरा झाला.

दुसरी बाजू पैशाची. नाश्ता जहाजावर, रात्रीचे जेवण जहाजावर, झोपही तिथेच. शहराच्या वाट्याला एखादी कॉफी, फ्रिजवर चिकटवायचे मॅग्नेट आणि गर्दी.

पण जास्त दिवस राहिले की गाव कळते, हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. तो खोडायला ब्रिग्गेनच पुरेसे आहे. चौदाव्या शतकापासून इथे हान्झा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांची वखार होती. माणसे वर्षानुवर्षे राहिली, पण लग्नाला बंदी आणि वस्ती वेगळी. सारा जीव उत्तरेकडून येणाऱ्या सुक्या कॉडमध्ये: मीठ न लावता, वलांडीवरच्या बोंबलासारखा वाऱ्यावर वाळवलेला. आगीच्या धास्तीने राहत्या घरांत चूल पेटवत नसत. जेवायला, शेकायला वेगळी दालने होती. तरी १७०२ मध्ये सगळे जळाले. मग जुन्याच धर्तीवर पुन्हा उभे राहिले आणि १९७९ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. त्या कललेल्या घरांमधल्या फळ्यांच्या बोळात दोन माणसे समोरासमोर आली तरी अंग चोरावे लागते. तिथे पुढे उंच धरलेला फलक आणि मागे चाळीसजणांचा घोळका शिरला की कोणालाच काही दिसत नाही, घोळक्यालाही नाही.

म्हणून आमचे मत मर्यादेच्या बाजूने. मात्र नुसती डोकी मोजून भागणार नाही. बर्गेनमध्ये २०२० पासून क्रूझ जहाजांना धक्क्यावरच वीज मिळते. ती घेण्याची सोय नसलेल्या जहाजाचा नंबर खुशाल मागे लावावा. देशपातळीवर मात्र हात आखडता आहे. वारसा यादीतल्या फ्योर्डांत शून्य उत्सर्जनाचा नियम लहान प्रवासी जहाजांना २०२६ पासून, मोठ्यांना २०३२ पासून. धूर जास्त कोणाचा, हे सांगायला नको.

उतरणाऱ्यानेही दहा ठिकाणांची यादी केबिनमध्येच ठेवावी. फ्लोयेनवर रेल्वेने जावे आणि गुडघे साथ देत असतील तर झाडीतल्या वाटेने खाली यावे. जहाजावरच्या जेवणाचे पैसे आधीच भरलेले असले, तरी दुपारी गावात जेवावे. महाग पडेल.